प्रश्न विचारा आणि गप्प बसा

बढती मिळाली तेव्हा पगार किती वाढला हे सगळ्यांनी विचारलं. आता इंटरव्ह्यू घ्यावे लागतील, हे मात्र कुणी सांगितलं नाही. माझी कल्पना अशी, की घाम फुटतो तो समोरच्याला. घेणाऱ्याने फक्त रेझ्युमे चाळायचा आणि अधूनमधून मान हलवायची.

एचआरने दोन तासांचं ट्रेनिंग ठेवलं. शिकवणाऱ्या बाई हुशार होत्या. ‘तुम्ही मेहनती आहात का?’ असं विचारू नका म्हणाल्या. नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. त्याऐवजी, ‘डेडलाइन हुकण्याची वेळ आली असा एखादा प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही स्वतः काय केलंत?’ असं विचारायचं. लग्न, मूलबाळ यांची चौकशी बंद. सगळ्यांना तेच प्रश्न, गुण लगेच लिहायचे. कारण थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिलंय, की लष्करातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना एका बाबतीत बरा वाटलेल्या माणसाला बाकीच्या बाबतींतही बरे गुण देऊन मोकळे होत. धिप्पाड दिसला की हुशारही ठरला. (आमच्याकडे ‘आपल्या कॉलेजचा आहे’ एवढ्यावर भागतं.)

शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘प्रश्न विचारा आणि गप्प बसा.’’

आमच्या घरात कुणी पाच मिनिटं गप्प बसलं तर आई आधी कपाळाला हात लावून ताप बघते. या संस्कारांत वाढलेल्या बाईने समोरच्याच्या शांततेकडे नुसतं बघत राहायचं?

पहिला उमेदवार व्हिडिओ कॉलवर आला. मी प्रसंग विचारला. तो छताकडे बघू लागला. मी म्यूट करून पाणी प्यायले. त्याच्या घरात कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला माझ्याच्याने राहवलं नाही. ‘‘म्हणजे, सर्व्हर बंद पडला असेल, तुम्ही टीमला जमवलंत, क्लायंटला आधीच कळवलंत, असं काही?’’

‘‘एक्झॅक्टली, मॅम!’’

फॉर्ममध्ये ‘कम्युनिकेशन’पुढे मी पाचपैकी चार लिहिले. कोणाचं कम्युनिकेशन, हे फॉर्म विचारत नाही.

पुढचा उमेदवार माझा प्रत्येक प्रश्न मोठ्याने, सावकाश, मोबाइलला नीट ऐकू जाईल असा परत म्हणून दाखवायचा. मग क्षणभर थांबायचा, आणि त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे धावू लागायचे. ‘‘सर्टनली! हिअर आर थ्री की पॉइंट्स,’’ तो म्हणाला. ‘सर्टनली’सुद्धा वाचायचं नसतं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि मग नांदेडचा तो मुलगा. इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि अडला. कशी कोण जाणे, मी त्या दिवशी गप्प राहिले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘‘मॅम, मराठी चालंल का?’’

चालेल म्हटल्यावर गडी सुटला. कंपनीत पगाराची फाइल अडकली होती. एक ते बारा तारखेच्या नोंदी बिनबोभाट जायच्या, तेरा तारीख आली की सगळं ठप्प. याने रात्रभर नोंदी चाळल्या. निघालं काय, तर एका सिस्टिममध्ये आधी दिवस, दुसरीत आधी महिना. ‘‘बारापर्यंत ते दिवसालाच महिना समजून घ्यायचं, मॅम. तेराला म्हणायचं, तेरावा महिना कुठून आणू? त्याला अधिक मास ठाऊकच नाही ना!’’ बरं, आधीच्या बारा दिवसांच्या बहुतेक नोंदीही चुकीच्या महिन्यात जाऊन बसल्या होत्या, हेही यानेच शोधलं. त्या गेल्या होत्या बिनबोभाट, म्हणून कुणाला पत्ता नाही.

मी सगळ्या रकान्यांत पाच लिहिले. थॉर्नडाइकने माफ करावं.

मग पद्धतीप्रमाणे विचारलं, ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’

‘‘हो मॅम. गेल्या वर्षात तुमच्या टीममधून किती जण सोडून गेले?’’

आणि तो गप्प बसला.

मी कॅन्टीनबद्दल सांगितलं. तो गप्प. हिंजवडीच्या ट्रॅफिकवर बोलले, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येतं हेही सांगितलं. तो गप्पच. कुठे कुकरही लागलेला नव्हता. मग मी सोडून गेलेले मोजून सांगितले, प्रत्येकाचं कारण सांगितलं, ओघात साहेबांचा स्वभावही सांगून टाकला. तो वहीत काहीतरी टिपून घेत होता.

‘‘थँक्यू मॅम,’’ तो उठत म्हणाला. ‘‘नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा आहे, हातात अजून दोन ऑफर आहेत. विचार करून कळवतो.’’