धंदा काढायचाय? आधी यजमानांचं बघा

तर बाईसाहेब, अठराव्या शतकातल्या अमेरिकेत धंदा काढायचं तुम्ही ठरवलंय म्हणता. छान! भांडवल, जागा, गिऱ्हाईक हे सगळं नंतर. आधी सांगा, यजमान हयात आहेत का?

असतील तर पंचाईत आहे. तिथल्या इंग्रजी वळणाच्या कायद्यात लग्न लागलं की नवराबायको मिळून एकच माणूस होतो, आणि तो माणूस म्हणजे नवरा. कमाई त्याची, करारावर सहीही त्याचीच. पेनसिल्वेनियात जरा सवलत आहे. १७१८च्या कायद्याने नवरा खलाशी असेल आणि दूर समुद्रावर गेला असेल, तर बायकोला स्वतःच्या नावाने व्यापार करता येतो. म्हणून स्थळ बघतानाच जहाजावरचं बघावं.

पण सगळ्यात सोयीचं म्हणजे वैधव्य. चार्ल्सटनच्या एलिझाबेथ टिमोथींचा नवरा १७३८च्या अखेरीस गेला. पदरात पोरं, पोटात आणखी एक, आणि घरात ‘साउथ कॅरोलिना गॅझेट’ या वर्तमानपत्राचा छापखाना. जानेवारीत अंक निघाला तो पीटर टिमोथींच्या नावाने. हे पीटरराव म्हणजे त्यांचा मुलगा, वय जेमतेम तेरा! धंद्यातले भागीदार बेंजामिन फ्रँकलिन बाईंच्या हिशोबावर बेहद्द खूश होते, कारण नवऱ्याकडून कधी धड हिशोबच यायचा नाही आणि या दर तिमाहीला चोख पाठवायच्या. आत्मचरित्रात त्यांनी बाईंचं कौतुक केलंय, पण नाव न घेता, ‘त्याची विधवा’ म्हणून. वर सल्लाही दिलाय: मुलींना नाचगाण्यापेक्षा हिशोब शिकवा, पुढेमागे वैधव्य आलं तर उपयोगी पडेल. बघा, माझंच म्हणणं.

लग्नच केलं नाही तर? बाल्टिमोरच्या मेरी कॅथरीन गॉडर्ड यांनी तेही करून पाहिलं. भाऊ सतत नवनव्या उद्योगांत, त्यामुळे छापखाना आणि वर्तमानपत्र बहिणीच्या गळ्यात. १७७५पासून शहराचं पोस्टही त्याच बघायच्या. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा आटला तेव्हा टपाल नेणाऱ्या स्वारांना यांनी पदरचे पैसे दिले. जानेवारी १७७७मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसह पहिल्यांदा छापला, तोही यांनीच. ती नावं म्हणजे इंग्रजांच्या लेखी राजद्रोह्यांची यादी. एरवी ‘एम. के. गॉडर्ड’ एवढंच छापणाऱ्या बाईंनी या कागदाखाली आपलं अख्खं नाव घातलं.

असला आगाऊपणा तुम्ही करू नका.

१७८९मध्ये देशाला नवं सरकार मिळालं आणि पोस्टमास्तर जनरल सॅम्युअल ऑसगुड यांनी बाईंना घरी बसवलं. कारण काय, तर आता या कामात प्रवास फार, बाईमाणसाला झेपायचा नाही. दोनशेहून अधिक बाल्टिमोरकरांनी अर्जावर सह्या केल्या. बाईंनी थेट जॉर्ज वॉशिंग्टनना लिहिलं. त्यांनी यात पडायला नकार दिला.

तेव्हा पोस्टात अर्ज करणारच असाल, तर चौदा वर्षांच्या अनुभवाचा दाखला जोडू नका. घोड्यावर बसून दाखवा.