‘अ‍ॅपमधला सूर्योदय खोटा’? जरा गणित मांडून बघू

‘मोबाइलमधल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवर विश्वास ठेवू नका’ असा एक संदेश अधूनमधून गटागटांतून फिरतो. त्यात पुरावे चार दिलेले असतात. मार्चमधल्या विषुवदिनी दिवस-रात्र समान असायला हवेत, पण अ‍ॅप मुंबईचा दिवस १२ तास ७ मिनिटांचा दाखवतं. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, तरी अ‍ॅपमध्ये सूर्य आणखीच उशिरा उगवतो. पंचांग आणि अ‍ॅप यांत तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. आणि सूर्य मावळला की रात्र झाली, हे शेंबडं पोरही सांगेल, पण अ‍ॅप अंधाराच्या तीन वेगवेगळ्या वेळा देतं. म्हणून निष्कर्ष असा की सॉफ्टवेअरवाल्यांनी परदेशी सूत्र आंधळेपणाने उचललं, आपल्याकडे ते चालत नाही.

आकडे चारही खरे आहेत. निष्कर्ष तेवढा चुकला आहे.

आधी ती जादा सात मिनिटं. समान दिवस-रात्रीचा हिशेब सूर्य म्हणजे एक बिंदू आणि पृथ्वीला वातावरण नाही, असं धरून केलेला असतो. प्रत्यक्षात बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की आपण सूर्य उगवला म्हणतो. बिंबाची त्रिज्या सुमारे १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्यात वातावरणातल्या अपवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे, क्षितिजाजवळचा सूर्य सुमारे ३४ कला वर उचललेला दिसतो. एकूण ५० कला, म्हणजे ०.८३३ अंश. कुठल्याही चांगल्या प्रोग्राममध्ये उणे ०.८३३ (उणे म्हणजे क्षितिजाखाली) हा आकडा सापडतो तो यासाठीच. मुंबईच्या अक्षांशावर विषुवदिनी त्याची सकाळी साडेतीन आणि संध्याकाळी साडेतीन मिनिटं होतात. मुंबईत दिवस-रात्र खरोखर समान होतात ते आठवडाभर आधी, १३-१४ मार्चच्या सुमारास.

पंचांगातला फरकही इथूनच येतो. काही पंचांगकर्ते बिंबाचा मध्य क्षितिजावर आला की सूर्योदय मानतात आणि अपवर्तन धरत नाहीत. त्यांचा सूर्य तीन-चार मिनिटं उशिरा उगवणारच. यात कोणाचं गणित चुकलेलं नाही, व्याख्या वेगळ्या आहेत. पण मुहूर्ताचं अ‍ॅप लिहिणाऱ्याने ही व्याख्या आधी विचारून घ्यायलाच हवी. एखादी तिथी नेमकी या दोन सूर्योदयांच्या मधल्या मिनिटांत संपली, तर उदयतिथी, म्हणजे सूर्योदयाला चालू असलेली तिथी, बदलते आणि सण एक दिवस मागेपुढे होतो. शिवाय पंचांग कोणत्या गावाचं, हेही बघावं. २१ डिसेंबरला मुंबईत सूर्य ७:०७ च्या सुमारास उगवतो, नागपुरात ६:४६ ला. मुंबईचं पंचांग नागपुरात टांगून अ‍ॅपला शिव्या देण्यात काय अर्थ आहे?

डिसेंबरचा मुद्दा मात्र खरोखर बुचकळ्यात टाकणारा आहे. सूर्योदय म्हणजे स्थानिक माध्यान्ह (सूर्य सर्वांत उंचावर असतो ती वेळ) वजा अर्धा दिवस. आपण फक्त दिवसाची लांबी बघतो आणि माध्यान्ह रोज घड्याळात एकाच वेळी होते असं गृहीत धरतो. तसं ते होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत वेगात असते, आणि तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे सूर्य आणि घड्याळ यांत जो फरक पडतो तो कालसमीकरणाने मिळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे.

आता मुंबईचे आकडे घ्या. २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात माध्यान्ह सुमारे १२:३६ वरून १२:४७ वर जाते, म्हणजे अकरा मिनिटं उशिरा होते. अर्धा दिवस वाढतो जेमतेम साडेतीन-चार मिनिटं. त्यामुळे सूर्योदय ७:०७ वरून ७:१४-१५ वर सरकतो आणि सूर्यास्त ६:०६ वरून ६:२० वर. वाढलेला दिवस सगळा संध्याकाळच्या वाट्याला जातो. मुंबईत सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर होतो आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं म्हणतात. पहाटे उठणाऱ्या मुंबईकराला ते आजही पटेल, कारण सकाळ लवकर व्हायला सुरुवात होते तीच संक्रांतीच्या आसपास. तारखांचा हा मेळ योगायोगाने जुळला आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

अंधाराच्या तीन वेळांवर फार बोलायला नको. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर गेला की नागरी संधिप्रकाश संपतो, १२ वर नौकानयनाचा, १८ वर खगोलीय. विषुवदिनाच्या सुमारास मुंबईत पहिला सूर्यास्तानंतर सुमारे २२ मिनिटांनी संपतो, शेवटचा सव्वा तासाच्या आत. लंडनमधल्या नातेवाइकांना जूनमध्ये विचारून बघा. तिथे मध्यरात्रीही सूर्य १५ अंशांच्या फार खाली जात नाही, त्यामुळे खगोलीय रात्र मेच्या अखेरपासून जुलैच्या विसाव्या तारखेपर्यंत होतच नाही.

सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे असते. लंडनच्या जूनमध्ये १८ अंशांचं सूत्र आर्ककोसाइनला (कोसाइनवरून कोन काढणाऱ्या फलनाला) उणे एकपेक्षा लहान संख्या देतं, तिला उत्तरच नसतं, आणि ते तपासलं नसेल तर पडद्यावर भलतंच काहीतरी उमटतं. ‘आज रात्र नाही’ हे उत्तर प्रोग्रामला देता यायला हवं.

संदेश लिहिणाऱ्यांना अ‍ॅपमधली चूक शोधायचीच असेल तर त्यांनी सेकंद दाखवणारी अ‍ॅप्स पकडावीत. क्षितिजाजवळचं अपवर्तन तापमान आणि हवेच्या दाबाप्रमाणे बदलतं, त्यामुळे तिथला सेकंदाचा आकडा निव्वळ देखावा. सह्याद्रीच्या पायथ्याशी तर समोरचा डोंगरच मिनिटं खातो. किंवा जूनमध्ये अरुणाचल प्रदेशातल्या इटानगरची वेळ काढून बघावी. तिथे सूर्य साडेचारच्या आधीच उगवतो आणि त्या क्षणी यूटीसीमध्ये, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवसाची तारीख असते. तारीख यूटीसीची आणि वेळ भारताची अशी सरमिसळ केलेला प्रोग्राम तिथे वेगळ्याच दिवसाचा सूर्योदय दाखवतो. ती चूक मुंबईत बसून कधीच दिसत नाही, कारण इथे साडेपाचच्या आधी सूर्य उगवतच नाही.