बडोद्यातल्या बालशाळांची ती ‘क्रमवारी’ पुढे पाठवण्याआधी

‘बडोद्यातल्या उत्तम बालशाळा’ हा मेसेज सध्या दांडियाबाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या ग्रुपांवर फिरतोय. खासगी नर्सऱ्या वर, अंगणवाड्या तळाला. खाली चार दावे: अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते, ती गरिबांसाठीच असते, तिथल्या मुलांना पुढे चांगली शाळा मिळत नाही, आणि तिसऱ्या वर्षी लिहायला न लागलेलं मूल कायमचं मागे पडतं. माझ्या धाकट्या जावेनं हे खरं मानून मुलाचं नाव अंगणवाडीतून काढलं. आता गप्प बसवत नाही.

लिहिण्याचा दावा आधी घेते, खरं नुकसान त्यानंच होतंय. तीन वर्षांच्या पोराच्या मनगटाची हाडं अजून घडत असतात. जावेचा मुलगा पेन्सिल मुठीत धरतो, एकडे गिरवताना कागद फाटेपर्यंत दाबतो आणि ‘होमवर्क’ म्हटलं की रडायला लागतो. हाच मुलगा अंगणवाडीत मणी ओवायचा, चिंचोके मोजायचा. बोटांना वळण लागतं ते त्यानं. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेची २०१९ची पूर्वप्राथमिक मार्गदर्शिका सांगते की या वयात लेखी काय, तोंडी परीक्षासुद्धा नको. आणि घाई कशाची? गुजरातेत १ जूनला सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही. अडीचव्या वर्षापासून फी भरा, पहिली सहाव्यालाच!

‘चांगली शाळा मिळत नाही’ हे धादांत खोटं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत मोफत जागा मिळतात; गुजरातच्या त्या प्रवेशाच्या अग्रक्रम यादीत सरकारी अंगणवाडीतल्या मुलांचा वेगळा गट आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरानं मूल तिथून काढलं, तर हातचा अग्रक्रम जातो.

‘गरिबांसाठीच’ म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६चा आदेश बघावा: सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल पात्र आहे. खिचडीला नाकं मुरडू नका, तो २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. शिवाय ममता दिवसाला, म्हणजे आई-मुलांच्या आरोग्य तपासणीच्या ठरलेल्या दिवशी, लसीकरण होतं, वजन घेतलं जातं. कुठली नर्सरी करते हे?

शिकवायला वेळ कमी पडतो, एवढं मात्र कबूल करावं लागेल. कार्यकर बहेन, म्हणजे अंगणवाडी सेविका, एकटी. रजिस्टरं, वजनं, पोषण ट्रॅकर ॲपमधल्या नोंदी सगळं तिच्याच गळ्यात. तेडागर बाई, म्हणजे मदतनीस, मुलांना आणण्यात आणि स्वयंपाकात अडकलेली. पण म्हणून खासगी चांगलं ठरत नाही. दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ, शिक्षणाची पाहणी करणारी ‘असर’ संस्था आणि युनिसेफ यांनी आसाम, राजस्थान, तेलंगणातल्या खेड्यांत सुमारे १४,००० मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. २०१७च्या त्या अहवालात अंगणवाडीत शिक्षण तोकडं आढळलं, तर खासगीत घोकंपट्टी. पाचव्या वर्षी दोन्हीकडची बहुतेक मुलं शाळेसाठी तयार नव्हती. खेळातून शिकणाऱ्यांची तयारी सरस होती. यादी करणाऱ्यानं मोजलं काय, तर एसी आणि इंग्रजी गाणी.

तुलना करायचीच तर दोन्हीकडे अर्धा तास बसा. मुलं हातानं काय करतात, किती बोलतात ते बघा. जावेला सांगितलंय, लसीकरणाच्या नोंदींचं ममता कार्ड काढून ठेव, सोमवारी नाव परत घालायला मी बरोबर येते.