‘मॅडम, आधी बारावीचं पुस्तक उघडा’ म्हणणाऱ्या वाचकास

सजीवांच्या संख्यावाढीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया चारच वाक्यांची. सजीवांची संख्या कशी वाढते हे सांगताना लोकलच्या डब्याचं उदाहरण चुकीचं, कारण डब्यात माणसं जन्माला येत नाहीत. आधी झपाट्याने, मग मंदावत जाणाऱ्या वाढीची इंग्रजी ‘एस’सारखी वक्ररेषा प्रयोगशाळेबाहेर दिसत नाही. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावरचे रेनडिअर मी ‘सोयीस्करपणे’ गाळले. आणि शेवटी, ‘मॅडम, आधी बारावीचं पुस्तक उघडा.’

शेवटच्यापासून सुरुवात करते. तेच पुस्तक परळच्या क्लासमध्ये शिकवता शिकवता माझे केस पिकले. चाळीतली मुलं, घरी वही उघडायला कोपरा नाही. फळ्यावर समीकरण आलं की मागचे दोन बाक गप्प. पण डबा भरत आला की आत शिरणं कसं अवघड होत जातं, हे दादरला चढणाऱ्या पोराला शिकवावं लागत नाही. बेल्जियन गणितज्ञ व्हेरहुल्स्टने १८३८ साली मांडलेल्या सूत्रातला ‘१ वजा एन भागिले के’ हा तुकडा तेच सांगतो: एन, म्हणजे आत्ताची संख्या, धारणक्षमतेच्या (तिथली जागा आणि अन्न जास्तीत जास्त जेवढ्यांना पुरेल ती संख्या), म्हणजे केच्या, जवळ सरकते तशी दर जीवामागची वाढ मंदावते आणि तिथे पोचली की शून्य होते.

लेखाच्या शीर्षकातच ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलं होतं. तुम्ही नवशिके नाही, आनंद आहे. पण ते सांगायला एवढा तोरा कशाला? ‘उदाहरण पटलं नाही’ एवढं म्हणून भागलं नसतं का? समोरासमोर असतो तर हेच वाक्य तुम्ही चहा पिता पिता, आवाज खाली ठेवून म्हणाला असता. मोबाइलवर मात्र सगळ्यांचीच जीभ सैल सुटते.

डब्यात माणसं जन्मत नाहीत, मान्य. उदाहरण मर्यादेचं होतं, प्रजननाचं नव्हे. प्रजननासाठी त्याच लेखात जिवाणू आहेत: २० मिनिटांनी दुप्पट, म्हणजे आडकाठी नसेल तर एकाचे १० तासांत १०७ कोटी. तिथवर वाचलंत ना?

प्रयोगशाळेचं म्हणाल तर रशियन जीवशास्त्रज्ञ गॉजच्या १९३४ सालच्या प्रयोगांत पॅरामेशियम या एकपेशीय जीवांच्या वाढीची हीच ‘एस’ रेषा दिसली; ते नळीत वाढवले म्हणून ते काही निसर्गाबाहेरचे होत नाहीत. पुढे.

रेनडिअर लेखाच्या दुसऱ्या भागात आहेत. १९४४ मध्ये २९ सोडले, १९६३ पर्यंत सुमारे ६,००० झाले, १९६६ मध्ये ४२ उरले. त्यांचं हिवाळ्यातलं खाणं, लायकेन (दगडफूल), चरून संपत आलं होतं, त्यात १९६३-६४चा हिवाळा भयंकर. म्हणजे मर्यादा होतीच, कळप ती ओलांडून गेला. यात माझं काय खोटं पडलं, ते लिहा. टोपणनाव न घेता लिहिलंत तर आणखी बरं.