उलाँग चहात कॅफिन असतं

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘उलाँग चहात कॅफिन नसतं, झोपताना प्या, शुगरच्या गोळ्याही सुटतात. मिल्क उलाँगमध्ये दूध मुरवलेलं असतं.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

उलाँग आपल्या रोजच्या चहाच्याच झाडाच्या पानांचा होतो. पानं अर्धवट ऑक्सिडाइज झाली (म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळपट पडू लागली) की उष्णता देऊन ती क्रिया थांबवतात, म्हणून तो हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. ज्यांची झोप सावध, त्यांनी संध्याकाळनंतर टाळावा. पिऊन निवांत वाटतं हे मात्र खोटं नाही. चहातल्या एल-थिअनिन या घटकाचा त्यात वाटा असावा.

गोळ्यांबद्दल कळकळीने सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका. शिवाय जेवणासोबतच्या चहाने लोह कमी शोषलं जातं. अंगात रक्त कमी असेल तर जेवणानंतर तासभर थांबा.

मिल्क उलाँगचा लोण्यासारखा वास तैवानच्या जिन शुआन जातीच्या पानाचाच असतो. (काही स्वस्त मालाला मात्र वरून सुगंध लावतात.) चीनच्या फूच्येन प्रांतातल्या आनशीचा थिएक्वानयिन हा उलाँग फुलांसारखा दरवळतो, तर तिथल्याच वूयी डोंगरांतला दा होंग पाओ हा उलाँग भाजल्यासारखा, खमंग लागतो. मला हाच जास्त आवडतो, नाशिकच्या थंडीत तर फारच. आपल्या चहासारखा उकळू मात्र नका. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळा. तीच पानं चार-पाच वेळा चालतात आणि दर कपाला चव बदलते.