प्युअर आहे का विचारू नका, आई दाखवा म्हणा

परवा रात्री जेवणं झाल्यावर भाचा शेजारी येऊन बसला आणि मोबाईलवर एका पिल्लाचा फोटो दाखवला. मुधोळ हाउंड, म्हणजे आपल्याकडचा देशी शिकारी कुत्रा, ४५ दिवसांचं, पाय काडीसारखे. "आत्या, २५ हजार म्हणतोय, पण कागद आहेत." मी म्हटलं लाव फोन, मला काही विचारायचंय. स्पीकरवर विचारलं, पिल्लाचे आईबाप कुठले, तर तो माणूस अभिमानाने सांगतो, "मॅडम एकदम प्योर लाइन है, बाप-बेटी की मेटिंग कराई है, बाहर का खून है ही नहीं."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

आमच्याकडे पग होता, गुंडू, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या शेजाऱ्यांना आठवत असेल. २००८ साली आणला, तेव्हा त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर गल्लोगल्ली पग आले होते, मुलांनी हट्ट धरला आणि मीही त्या चेहऱ्यावर भाळले. झोपेत घोरायचा तर आम्ही हसायचो, पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायचो. त्याला श्वास पुरत नव्हता, त्याचा तो आवाज होता. कवटी पिढ्यानपिढ्या आखूड करत नेली पण आतली टाळू, जीभ, मांस त्या मानाने कमी झालंच नाही, ते सगळं एवढ्याशा जागेत कोंबलेलं, वर नाकपुड्या चिमटलेल्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेतून नि नाकातून वाफ घालवतो आणि तसं अंग गार ठेवतो, आणि ह्याची नेमकी तीच सोय बिघडवून ठेवलेली. मे महिना होता, ४५ डिग्री, दुपारी लाइट गेली ती तीन तास आलीच नाही, कूलर बंद. ओला टॉवेल गुंडाळला, पाणी मारलं, डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा केली. रिक्षातच माझ्या मांडीवर गेला. सात वर्षांचा होता.

तो चेहरा कुणीतरी घडवला होता. जेवढं चपटं तोंड तेवढं छान, असं म्हणत म्हणत घडवला, आणि त्या घडवण्याचे पैसे मी मोजून दिले. हे मला आजही खुपतं.

आणि हे फक्त पगचं नाही. इंग्लिश बुलडॉगचं डोकं नि खांदे इतके रुंद केलेत की ब्रिटनमधल्या २०१० च्या अभ्यासात त्यांची दहातली आठहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली. जी जात स्वतःहून विऊ शकत नाही ती जात राखणं म्हणजे आपण नक्की काय राखतोय? नॉर्वेमध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२३ मध्ये कोर्टाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या छोट्या कुत्र्याचं ब्रीडिंग तिथल्या प्राणी कल्याण कायद्याविरुद्ध ठरवलं. त्या बिचाऱ्याच्या कवटीत मेंदूला जागा पुरत नाही आणि हृदयाची झडप लवकर खराब होते, हे सगळ्यांना माहीत होतं तरी पिल्लं काढणं चालूच होतं.

भाचा म्हणाला, आत्या ते सगळं विलायती कुत्र्यांचं, मुधोळ तर आपला देशी आहे ना, निरोगी असतो.

खरंय. आणि मला मुधोळचा अभिमान आहे, मराठी माणूस म्हणून तर जास्तच, कारण कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली. राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर जमातीच्या शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली, त्यांची नीट पैदास केली, इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट म्हणूनही दिली. आपल्याकडे जुनी माणसं कारवान म्हणतात तोच हा कुत्रा. शिकाऱ्यांनी नि धनगरांनी त्याच्याकडून एकच मागितलं, पळ. उन्हात पळ, कमी खाऊन पळ. जो पळेल त्याचीच पिल्लं. त्यातही क्रूरपणा होता, कमजोर पिल्लाला तिथे कोण विचारत होतं, त्यामुळे जुन्या काळाचं मी सोनं करत नाही. पण त्या निवडीतून जे शरीर तयार झालं ते चालणारं शरीर होतं.

आपल्या ग्वाल्हेरपासून तासाभरावर टेकनपूरला बीएसएफचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, १९७० पासूनचं. तिथे अलीकडे मुधोळ आणि रामपूर हाउंड तयार करतायत. २०२४ च्या ऑल इंडिया पोलीस ड्यूटी मीटमध्ये, म्हणजे देशभरातल्या पोलीस दलांच्या स्पर्धेत, बीएसएफची रिया नावाची मुधोळ कुत्री माग काढण्यात पहिली आली आणि सगळ्या विलायती कुत्र्यांना मागे टाकून बेस्ट डॉग ठरली. कान कसे आहेत, शेपटीचा बाक केवढा, ह्यावर तिला नंबर मिळाला नाही, कामावर मिळाला. ही बातमी वाचून मी खरंच टाळ्या वाजवल्या होत्या.

आता भीती कसली वाटते सांगते. २०२० मध्ये मन की बात मध्ये देशी जातींचा विषय निघाला, मग सगळीकडे व्हिडिओ, मग मागणी, मग रेट. आणि रेट आला की आपल्या फोनवरच्या माणसासारखी माणसं आली, ज्यांच्याकडे चार कुत्री आहेत आणि त्या चारातच ते बाप-मुलगी, भाऊ-बहीण लावतायत, कारण बाहेरचं कुत्रं आणलं तर ‘प्युअर’ म्हणता येत नाही. विलायती जातींचं जे वाटोळं व्हायला दीडशे वर्षं लागली ते आपण मुधोळचं वीस वर्षांत करू. २०२१ मध्ये दोनशेहून जास्त जातींचे जीन्स तपासले तर सरासरी इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास, जिच्यात घरातले दोष साचत जातात, २५ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे जणू सख्ख्या भावा-बहिणीची पिल्लं. आपण एका गोत्रात सोयरीक करत नाही, आणि कुत्र्याच्या बाबतीत तेच केलं की वर २५ हजार मागतो!

मग ब्रीडिंगच बंद करायचं का, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. अजिबात नाही. जात घडवणं पाप आहे असं मी मानत नाही, कुत्रा हाच मुळात माणसाने घडवलेला आहे. प्रश्न एवढाच की घडवताना आधी कुणाचा विचार केला, आपल्या डोळ्यांचा की त्याच्या जगण्याचा.

डाल्मेशियनचं बघा. ठिपक्यांसाठी निवड करता करता त्या अख्ख्या जातीत युरिक अॅसिडचा दोष बसला, मूतखडे व्हायचे, नर कुत्र्याची लघवी तुंबायची. १९७३ मध्ये रॉबर्ट शाइबल नावाच्या अमेरिकन माणसाने डाल्मेशियनचा पॉइंटर ह्या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी एकदाच क्रॉस केला आणि पुढे दर पिढीत परत डाल्मेशियनशीच. काही पिढ्यांत दिसायला पूर्ण डाल्मेशियन आणि दोष गायब. ह्याला म्हणतात सुधारणा. आणि जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने ह्या कुत्र्यांना कायमची मान्यता कधी दिली? २०११ मध्ये. मधली ३८ वर्षं एका क्रॉसने ‘रक्त बाटलं’ म्हणून वाद, आणि तोवर खड्यांनी कळवळणारी कुत्री जन्मत राहिली. मला ह्याचा इतका राग येतो!

जात पुन्हा उभी करण्याचंही तसंच. लांडग्यांच्या शिकारीसाठीचा आयरिश वुल्फहाउंड जवळपास संपला होता, १९व्या शतकात कॅप्टन ग्रॅहमने उरलेसुरले गोळा करून त्यात डीअरहाउंड, ग्रेट डेन मिसळून तो परत उभा केला. पण आयर्लंडात लांडगा तेव्हा उरलाच नव्हता. काम गेलं, उंची तेवढी राखली, आणि आज तो देखणा कुत्रा सहा ते आठ वर्षांत हृदयाने नाहीतर हाडाच्या कॅन्सरने जातो. म्हणून मुधोळ वाचवायचा तर कर्नाटकातल्या नि महाराष्ट्रातल्या गावांतून वेगवेगळ्या घरांची कुत्री शोधून त्यांच्या जोड्या लावाव्या लागतील, गरज पडली तर पश्मीशी, म्हणजे मुधोळच्याच केसाळ भाऊबंदाशी, किंवा दुसऱ्या हाउंडशी क्रॉस करायलाही कुणी लाजू नये. बंगल्यात साखळीला बांधलेला प्युअर मुधोळ म्हणजे मुधोळ वाचला असं मी म्हणणार नाही.



भाच्याला २०१७ चे सरकारी नियमही दाखवले. ब्रीडरचं रजिस्ट्रेशन लागतं, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही, कुत्री दीड वर्षाची व्हायच्या आत लावता येत नाही. ४५ दिवसांचं पिल्लू म्हणजे तिथेच नियम मोडला. तो गप्प झाला, पण फोटो काही डिलीट केला नाही. त्याचा जीव त्या पिल्लात अडकलाय ते मला दिसतंय, आणि पिल्लाचा तर काहीच दोष नाही.

रविवारी आम्ही दोघं ग्वाल्हेरातच मुरारला त्या फोनवरच्या माणसाकडे जाणार आहोत. आधी आई बघायची, वय विचारायचं, आजवर किती वेतं झाली ते विचारायचं, तिला चालवून पळवून बघायचं. आई दाखवली नाही तर तिथूनच परत यायचं असं ठरलंय, भाच्याने तसा मला शब्द दिलाय.