बोधिधर्म, शाओलिन आणि पुन्हा पुन्हा येणारा तो मेसेज

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा आला. धाकट्या मामांनी पाठवला होता, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मजकूर साधारण असा: 'चिनी लोकांना लढण्याची कला ठाऊकच नव्हती. कांचीपुरमच्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने शाओलिन मठात त्यांना आपलं कळरीपयट्टू शिकवलं, त्यावर ग्रंथही लिहून ठेवला. मठाच्या भिंतींवर आजही सावळे भारतीय गुरू रंगवलेले आहेत. हे सगळं दडवून चीन कुंग फू स्वतःचं म्हणून जगभर खपवतो.' चारचौघांत मामांना खोडून काढणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांना फोन केला. जे बोललो ते इथे नीट मांडतो, कारण हा मेसेज फक्त आमच्याच घरात फिरत नाही.

'ठाऊकच नव्हती.' हान राजवटीचा इतिहास इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिला गेला. त्यात राजग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी आहे आणि युद्धविद्येच्या विभागात 'शौबो', म्हणजे हातांनी लढण्याची विद्या, या विषयावरची सहा प्रकरणं नोंदलेली आहेत. ते लेखन हरवलं, नोंद राहिली. बोधिधर्माचा काळ त्यानंतर चारशे वर्षांनी येतो.

'बोधिधर्माने शाओलिनमध्ये शिकवलं.' त्याचा सर्वांत जुना उल्लेख 547 सालच्या, लुओयांगच्या विहारांचं वर्णन करणाऱ्या पुस्तकातला. तिथे तो दीडशे वर्षांचा म्हातारा भिक्षू आहे आणि एका उंच पॅगोड्याकडे बघत हात जोडून उभा आहे. त्या लेखकाने तर त्याला पर्शियाचा म्हटलंय. दक्षिण भारतातला ब्राह्मण ही ओळख सातव्या शतकातल्या भिक्षुचरित्रांत येते. दोन्हीकडे ध्यान आहे, मुठी आणि लाथा कुठेच नाहीत.

शाओलिनचे भिक्षू लढले, हे मात्र खरं. 621 मध्ये त्यांनी ली शिमिनला, म्हणजे पुढच्या तांग सम्राटाला, मदत केली. 728 चा शिलालेख मठात आजही आहे. पण मठाची कीर्ती झाली ती काठीमुळे, आणि तीही पुढे मिंग काळात. चेंग झोंगयू नावाचा माणूस तिथे दहाहून अधिक वर्षं काठी शिकला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने त्यावर सचित्र पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की हातांची लढाई अजून देशात फारशी रुजलेली नाही, म्हणून भिक्षू आता तिच्यावर मेहनत घेताहेत. म्हणजे बोधिधर्मानंतर हजार वर्षांनीसुद्धा शाओलिनमध्ये हातांची लढाई अजून आकारालाच येत होती. काठीचं श्रेय भिक्षू ज्याला देत, तोही बोधिधर्म नव्हता.

'ग्रंथ लिहून ठेवला.' हा 'यीजिनजिंग', स्नायू-नसा बदलून टाकण्याचं शास्त्र. एक तर यात लढाई नाही. श्वास, चोळणं-मर्दन, शरीर कणखर करणं एवढंच आहे. दुसरं, बोधिधर्माने तो लोखंडी पेटीत ठेवला होता आणि तो भारतीय लिपीत होता, ही सगळी कथा येते पुस्तकाच्या प्रस्तावनेत. त्या प्रस्तावनेखाली नाव आहे तांग सेनापती ली जिंगचं आणि साल 628. तिच्यात सेनापती म्हणतो की हा ग्रंथ मला 'कुरळ्या दाढीवाल्या वीरा'कडून मिळाला. हा वीर तांग काळातल्या एका कल्पित कथेतलं पात्र आहे! दुसरी प्रस्तावना सोंग काळातल्या न्यू गाओ या योद्ध्याच्या नावावर, आणि तो स्वतःच लिहितो की मी लिहिता-वाचता न येणारा शिपाईगडी आहे. पुस्तकाचा खरा माग लागतो 1624 मध्ये, एका ताओपंथी लेखकापाशी. आपल्या पुस्तकाला वजन यावं म्हणून त्याने थोर नावं चिकटवली.

भिंतीवरची चित्रं एकोणिसाव्या शतकातली, छिंग काळातली आहेत. तेराशे वर्षं आधी काय घडलं याची साक्ष ती देऊ शकत नाहीत.

कळरीबद्दल एवढंच, की त्याची मुळं जुनी असली तरी आज आपण ओळखतो ते रूप अभ्यासक अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचं मानतात. मातीच्या खड्ड्यातला तो आखाडा, तेल लावून घोटलेलं अंग, उरुमीचं लवलवतं पातं हे सगळं केरळचं स्वतःचं वैभव आहे. ते थोर ठरवायला शाओलिनचं प्रशस्तिपत्र कशाला हवं?

आता 'दडवून खपवतो'. इथे मेसेज सर्वांत जास्त चुकतो. बोधिधर्माने नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून ध्यान केलं अशी जी गुहा सांगतात, ती शाओलिनमागच्या डोंगरावर पर्यटकांना आवर्जून दाखवतात. बोधिधर्म हा मूळपुरुष, ही कथा पसरली ती चिनी लेखनातून आणि चिनी उस्तादांच्या तोंडून. ती खोडली तीही एका चिन्यानेच. तांग हाओ, पेशाने वकील, स्वतः तालीम केलेला. नानजिंगला 1928 मध्ये सरकारी ग्वोशू, म्हणजे राष्ट्रीय युद्धकलेची, संस्था उभी राहिली आणि चिनी युद्धकलांचा प्रसार जोरात होता, तेव्हा 1930 मध्ये त्याने कागदपत्रं तपासून ही दंतकथा मोडीत काढली. ज्या कलेवर प्रेम होतं तिच्याबद्दलच त्याने हे केलं, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं. आणि परदेशांत सर्वांत जास्त पसरलेली चिनी कला म्हणजे ताइची. 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत ती गेली तेव्हा तिचा उगम हनान प्रांतातल्या वेन तालुक्यात, सतराव्या शतकाच्या मध्याचा सांगितला गेला. तिथे बोधिधर्माचं श्रेय लपवण्याचा प्रश्नच येत नाही.

1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चीनचं ग्वोशू पथक प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही होतं, आपले देशी खेळ घेऊन. तेही आपले खेळ आपले म्हणूनच दाखवायला गेले होते.

मामा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे शाओलिनमध्ये आपलं काहीच नाही का रे?"

आहे, मामा. 495 मध्ये तो मठ उभारला गेला तोच मुळी बातुओ या भारतीय भिक्षूसाठी. त्याच्या सेंगचौ नावाच्या शिष्याची एक गोष्ट आठव्या शतकात लिहिली गेली. पोरगा किडकिडीत, बरोबरचे चेले त्याला बुकलायचे. तो वज्रपाणी या बौद्ध रक्षकदेवाच्या मूर्तीचे पाय धरून बसला, म्हणाला, बळ दे. सहाव्या दिवशी पहाटे देव प्रकटला, हातात नसा-स्नायूंनी भरलेलं मोठं भांडं, आणि म्हणाला, खा. भिक्षूने मांस कसं खायचं? देवाने वज्र उगारलं. पोराने खाल्लं, आणि पुढे तो भिंतींवरून चालू लागला. मठातल्या 1517 च्या शिलालेखात याच देवाचं नाव 'नालुओयेन' असं कोरलंय, म्हणजे नारायण. चुलीतलं लाकूड हातात घेऊन त्याने दरोडेखोरांना पळवलं आणि काठीची विद्या दिली, असं भिक्षू मानत. पुढे चेंग झोंगयूच्या पुस्तकापर्यंत त्याचं नाव झालं 'जिन्नालुओ'. किन्नर.